तुमच्या वतीनं कोण बोलणार?

मानसिक आजारात स्वतःचा निर्णय घेता येईनासा झाला, तर तुमच्या वतीनं कोण बोलणार? नवरा? थोरला भाऊ? बहुतेक घरांत हे गृहीतच धरलेलं असतं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं ही निवड तुमच्याच हाती दिली आहे. साध्या कागदावर तुम्ही निवडलेल्या सज्ञान व्यक्तीचं नाव लिहा, खाली सही किंवा अंगठा. तिची लेखी संमती मात्र हवी. नाव पुढे बदलताही येतं.

रुग्णाला साखळीनं बांधणं, भूल न देता विजेचे झटके देणं, दोन्हींना याच कायद्यानं बंदी आहे.

रुग्णानंही काही पाळायचं असतं. काढा, अंगारा, झोपेची गोळी, जे चालू असेल ते डॉक्टरांना सांगा. बरं वाटलं म्हणून औषध परस्पर थांबवू नका. शंका असल्यास ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.