मधली फळी आणि कोवळी आघाडी

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. त्याच्यावरील वाद मात्र आठवडाभर पुरतो. याचा अनुभव घ्यावयाचा तर कोल्हापुरास छत्रपति शाहू स्टेडियमवरील सामना सुटल्यावर लोकांच्या मागोमाग पेठेंत जावें. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ हीं नुसतीं नांवें उच्चारलीं तरी त्या शहरांत घरोघर पक्ष पडतात. यांतील कित्येक नांवांत 'तालीम' हा शब्द आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत, १९१२ सालीं, खासबागेचें कुस्तीमैदान ज्या शहरांत उभें राहिलें, तेथील तालमींनींच पुढें हा विलायती खेळ आपलासा केला. १९४० सालीं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली आणि या हौसेला नियमांची चौकट लाभली.

सोलापूरचें वळण थोडें निराळें. येथें क्रिकेटचा मान मोठा. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजीं याच शहरांत झाला. तथापि दूरचित्रवाणी व हातांतील फोन यांच्या कृपेनें सोलापुरांतील महाविद्यालयीन मुलेंही आतां मध्यरात्रीपर्यंत जागून युरोपांतील सामने पाहतात आणि सकाळीं चहाच्या दुकानावर त्यांचा निकाल पुन्हां एकदां लावतात. गांवें दोन, संघ निराळे. पण वादाचा मुद्दा बहुधा एकच असतो. आपल्या संघाचा खरा आधार कोण? मधल्या फळींतील मुरलेले खेळाडू, कीं आघाडीवरचीं कोवळीं पोरें?

या वादाचें स्वरूप ठराविक आहे. वयानें मोठा असलेला एखादा गृहस्थ म्हणतो, "मधला गडी जाग्यावर असला म्हणजे संघ जाग्यावर असतो." त्यावर तरुण पक्षाचा सवाल तयारच असतो : "ते खरं हो आण्णा, पण गोल कुणी मारला ते सांगा कीं!" या सवालापुढें वडील पक्ष बहुधा गप्प बसतो, कारण गोलाची नोंद फलकावर होते, आणि मधल्या फळीच्या कामाची नोंद कोठेंच होत नाहीं. परंतु नोंद होत नाहीं म्हणून काम झालें नाहीं असें मानणें, हा हिशेबांतील दोष होय. तो दोष कसा टाळावा, हाच प्रस्तुत विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणें जरूर आहे. जुन्या काळीं संघाची मांडणी दोन, तीन व पांच अशी असे : मागें दोन बॅक, मध्यें तीन हाफ आणि पुढें पांच फॉरवर्ड. या मांडणींत मधोमध उभा राहणारा सेंटर हाफ हा साऱ्या खेळाचा खांब होता. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. तोंपर्यंत पुढें गेलेल्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. आतां दोन पुरेसे झाले. गोल वाढले, बचाव उघडा पडला, आणि सेंटर हाफला मागें ओढून दोन बॅकच्या मध्यें उभें करण्याची रीत आली. लंडनच्या आर्सेनल संघाचे हर्बर्ट चॅपमन यांच्या नांवाशीं ही रीत कायमची जोडली गेली.

पुढें २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं वेंब्लीच्या मैदानावर हंगेरीनें इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. त्या दिवशीं हंगेरीचा हिदेगकुटी अंगावर आघाडीच्या खेळाडूचा क्रमांक घालून उतरला, पण खेळला तो मागें, मधल्या जागेंत. त्याच्या पाठोपाठ जावें तर मागें भगदाड पडतें, न जावें तर तो मोकळा राहतो, या पेचांत इंग्रज बचाव सांपडला; आणि हिदेगकुटीनें तीन गोल केले. मधली फळी व आघाडी यांच्यामधील भिंत किती पातळ आहे, हें जगाला त्या दिवशीं दिसलें.

मधल्या खेळाडूचें मोल प्रेक्षकाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं, याचें कारण साधें आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यांत कोणाही एका खेळाडूच्या पायाशीं चेंडू एकूण दोन-तीन मिनिटेंच असतो. उरलेला सारा वेळ तो चेंडूवांचून खेळतो. वरच्या दर्जाच्या सामन्यांत मधला खेळाडू दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो. त्यांतील बहुतेक अंतर जागा अडविण्यांत, सोबत्याला वाट मोकळी करून देण्यांत आणि प्रतिपक्षाची वाट बंद करण्यांत खर्च होतें. प्रेक्षकाची नजर चेंडूबरोबर पळते. म्हणून हें सारें काम नजरेआड राहतें. नॉर्वेचे अभ्यासक गेयर यॉर्डेट यांनीं इंग्लंडांतील खेळाडूंचीं चित्रणें तपासून एक सुंदर गोष्ट दाखविली आहे. चेंडू पायाशीं येण्यापूर्वीं जो खेळाडू मान वळवून आजूबाजूस अधिक वेळां पाहतो, त्याचे पास नेमके जाण्याचें प्रमाणही अधिक असतें. म्हणजे चांगल्या मधल्या खेळाडूचा खरा खेळ चेंडू येण्याच्या आधींच होऊन गेलेला असतो.

सोलापूरकरांस ही गोष्ट समजण्यास अवघड जाऊं नये. येथील चादर हातीं घेतली म्हणजे डोळ्यांत भरते ती तिची नक्षी. पण ती नक्षी ज्यावर उभी राहते तो ताणा कोणी वाखाणीत नाहीं. मागावरचा ताणा सैल पडला तर उत्तम नक्षीही वेडीवांकडी होते. आपल्या देशाच्या फुटबॉलचेंच उदाहरण घ्यावें. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें भारतानें ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरविलें आणि अखेरीस चौथें स्थान मिळविलें. त्या सामन्यांत मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या नेव्हिल डिसोझानें तीन गोल केले. ही हॅटट्रिक आजही सांगितली जाते, व तें योग्यच आहे. परंतु त्याच संघाच्या मधल्या फळींत केंपय्या व नूर महंमद हे होते, हें किती जणांना सांगतां येईल?

मात्र एवढ्यावरून निकाल मधल्या फळीच्या बाजूनें देऊन मोकळें होणें हाही अन्याय ठरेल. तरुण पक्षाचें म्हणणें पोकळ नाहीं. फुटबॉलमध्यें गोल ही अत्यंत दुर्मिळ वस्तु आहे. चेंडू सुरेख फिरविणारा, पण शेवटचा घाव न घालणारा संघ नव्वद मिनिटें शोभा वाढवितो आणि हात हलवीत परत येतो. बचाव फोडण्यासाठीं जें धाडस लागतें, तें कोवळ्या वयांत सहज असतें. कारण अपयशाचा हिशेब ठेवण्याची संवय त्या वयास अजून लागलेली नसते. २९ जून १९५८ रोजीं ब्राझीलनें स्वीडनला ५-२ असें हरवून जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां पेले सतरा वर्षांचा होता. त्या स्पर्धेंत त्यानें सहा गोल केले, त्यांतील दोन अंतिम सामन्यांत.

परंतु त्याच सामन्याची दुसरी बाजूही पाहावी. पहिला गोल स्वीडननें केला. त्या वेळीं ब्राझीलच्या मधल्या फळींतील दीदी यानें जाळ्यांतील चेंडू उचलून घेतला आणि तो काखेंत धरून, सोबत्यांना धीर देत, सावकाश मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आला, अशी आठवण सांगितली जाते. संघाचा घाबरेपणा त्या चालण्यानें उतरला. स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्या वर्षीं दीदीस मिळाला. जगाच्या स्मरणांत मात्र पेले राहिला.

सहासष्ट वर्षांनीं जणूं तोच धडा पुन्हां गिरविला गेला. १४ जुलै २०२४ रोजीं बर्लिन येथें युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत स्पेननें इंग्लंडला २-१ असें हरविलें. स्पेनच्या लामिन यमालला आदल्याच दिवशीं सतरावें वर्ष पूर्ण झालें होतें. मधल्या फळीचा आधार रॉड्री हा दुखापतीमुळें मध्यंतरानंतर मैदानावर येऊं शकला नाहीं. त्याच्या जागीं झुबिमेंदी उतरला, आणि थोड्याच वेळांत यमालच्या पासवर निको विल्यम्सनें पहिला गोल केला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून रॉड्रीची, तर सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून यमालची निवड झाली. या घटनेंतून दोन्ही पक्षांस आपापल्या सोयीचा पुरावा काढतां येईल. एक म्हणेल, आधार गेला तरी पोरांनीं सामना जिंकला. दुसरा म्हणेल, आधाराच्या जागीं तसाच दुसरा आधार तयार होता, म्हणून पोरांना पुढें धांवतां आलें. विचार केला तर दुसरें म्हणणें पहिल्यास खोडीत नाहीं, तें पुरें करतें.

येथवर हा वाद करमणुकीचा झाला. त्याची गंभीर बाजू पुढेंच आहे. कारण चाहत्यांच्या बोलण्याचें ओझें अखेरीस एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यांवर येऊन पडतें. बार्सिलोनाच्या आन्सू फातीची हकीगत या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. २०१९ सालीं, सोळाव्या वर्षीं, तो मोठ्या संघांत आला आणि लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें. नोव्हेंबर २०२० मध्यें त्याचा गुडघा दुखावला व एकामागून एक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तरी २०२१ सालीं मेस्सी संघ सोडून गेल्यावर त्याचा दहा क्रमांक याच मुलाच्या पाठीवर चढविण्यांत आला. पुढें दुसऱ्या संघांत खेळण्यासाठीं त्याला बार्सिलोना सोडावें लागलें. त्याच्या अंगच्या गुणांत उणीव होती असें कोणी म्हणणार नाहीं. उणीव होती ती इतरांच्या धीरांत.

आपल्याकडेही हा विचार दूरचा राहिलेला नाहीं. ऑक्टोबर २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत भरली, तेव्हां भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा आघाडीचा खेळाडू होता. पेठेंतील मुलाला देशाचा पोषाख मिळूं शकतो, हें त्यानें शेकडों घरांना दाखवून दिलें. त्या स्पर्धेंत भारत तिन्ही सामने हरला, आणि देशाचा एकमेव गोल ९ ऑक्टोबर रोजीं कोलंबियाविरुद्ध झाला. तो केला मणिपूरच्या जीक्सन सिंगनें, आणि जीक्सन हा मधल्या फळीचा खेळाडू! गोल नाहीं म्हणून आघाडीच्या मुलांना नांवें ठेवणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, मागून चेंडूच न आल्यास पुढचा गडी रिकाम्या रानांत उभा असतो. चेंडू का येत नाहीं याचें उत्तर मधल्या फळींत शोधावें लागतें. आणि मधली फळी दबलेली का राहते, याचें उत्तर पुष्कळदां प्रतिपक्षाच्या श्रेष्ठतेंत सांपडतें.

तेव्हां वाद अवश्य करावा, परंतु तो कसास लावून करावा. त्यासाठीं तीन साध्या कसोट्या पुरतील. पहिली, एका सामन्यांत दहा मिनिटें चेंडू सोडून फक्त मधल्या एकाच खेळाडूकडे पाहावें. तो कोठें उभा राहतो आणि मान किती वेळां वळवितो, हें मोजावें. दुसरी, तो नसलेल्या सामन्यांत संघाचें काय होतें, तें पाहावें. पुष्कळ खेळाडूंचें मोल त्यांच्या गैरहजेरींतच कळतें. तिसरी, तरुण आघाडीवाल्याचा न्याय एका सामन्यावर करूं नये. निदान एक पुरा हंगाम त्याला द्यावा, आणि चुकलेल्या गोलांबरोबर त्यानें घेतलेल्या योग्य जागाही मोजाव्यात. जो मुलगा वरचेवर योग्य जागीं पोंचतो, त्याचा पाय आज ना उद्यां चेंडूला नीट लागतोच.

आणि वाद मैदानाबाहेर हातघाईवर जाऊं नये. पेठेच्या अभिमानापायीं कोल्हापुरांत दगडफेक व हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबले आहेत. असा सामना बंद पडला म्हणजे पेठेची अब्रू राखली गेली असें कांहींना वाटतें. प्रत्यक्षांत वर्षभर घाम गाळून तयार झालेल्या मुलांचा तो दिवस फुकट जातो. फुटबॉलपटूचें आयुष्य थोडें असतें. त्यांतील एक हंगाम गेला तर तो परत मिळत नाहीं, आणि त्याबरोबर निवड, शिष्यवृत्ति किंवा नोकरीची संधीही निसटते.

सुशिक्षित घरांतील वडील मंडळींस येथें एक काम करण्यासारखें आहे. घरांतील मुलगा सामना पाहून आला म्हणजे "कोण जिंकलें?" एवढाच प्रश्न सहसा विचारला जातो. त्याच्या जोडीस "तो गोल होण्यापूर्वींचे तीन पास कोणीं दिले?" हा दुसरा प्रश्न विचारावा. पहिल्या खेपेस मुलाला उत्तर येणार नाहीं. दुसऱ्या खेपेस तो लक्ष ठेवून पाहील, आणि तिसऱ्या खेपेस वडिलांनाच चार गोष्टी समजावून सांगेल.