सेकंडहँड डीएसपी कार्ड: पाच रिक्षा म्हणजे एक बस नव्हे

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप आहे. बोलण्याच्या ओघातले बरेच शब्द तसेच ठेवलेत.)

आजचा भाग घरी बसून रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्यांसाठी आहे. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारला. "अरे, यूएडीचं जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय, घेऊ का? आणि आधीचं एक आहे, त्याच्या शेजारी दुसरं लावलं तर चालेल का?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा पूर्ण भाग. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, संगीतकार नाही. पण मित्रांची म्युझिक कॉम्प्युटरं जुळवून देण्याची हौस आहे, आणि लायसन्सिंग हा तर आमच्या धंद्यातला रोजचा विषय.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते बघू. युनिव्हर्सल ऑडिओ ही कॅलिफोर्नियातली कंपनी. बिल पुटनम सीनियर यांनी जुन्या काळात सुरू केली आणि १९९९ मध्ये त्यांच्या मुलांनी पुन्हा उभी केली. त्यांनी यूएडी-१ नावाचं पीसीआय कार्ड काढलं. कल्पना अशी, की कॉम्प्रेसर, इक्वलायझर, रिव्हर्ब यांची गणितं संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर न करता कार्डावरच्या चिपवर करायची. त्या काळचे प्रोसेसर आठवा, दोनचार चांगले रिव्हर्ब लावले की हँग. गंमत म्हणजे यूएडी-१ वरची चिप मुळात ऑडिओसाठी नव्हतीच, ती व्हिडिओ-ग्राफिक्सच्या कामासाठी बनलेली होती.

मग २००८ मध्ये यूएडी-२ आलं. त्यावर अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या शार्क चिप्स. सोलो म्हणजे एक शार्क, ड्युओ म्हणजे दोन, क्वाड म्हणजे चार आणि नंतर आलेलं ऑक्टो म्हणजे आठ. कंपनीच्याच जाहिरातीनुसार सोलोची ताकद यूएडी-१ च्या अडीच पट, क्वाडची दहा पट. सेकंडहँड बाजारात आज दिसतात ती बहुतेक हीच.

आता मुद्द्यावर येऊ. समजा तुमच्याकडे क्वाड आहे आणि तुम्ही एक सोलो विकत घेतलं. चार अधिक एक, पाच शार्क. ताकद सव्वापट झाली का? कागदावर हो. पण ती ताकद एकत्र येत नाही, शेजारी शेजारी बसते. एक प्लगइन जेव्हा तुम्ही ट्रॅकवर लावता, तेव्हा ते कुठल्यातरी एकाच शार्कवर बसतं. त्याचे दोन तुकडे करून अर्धं या चिपवर, अर्धं त्या चिपवर असं होत नाही. पाच रिक्षा म्हणजे एक बस नव्हे. प्रत्येक रिक्षात एकेक जागा रिकामी असली, तरी तीन जणांचं कुटुंब एकत्र बसू शकत नाही.

आकड्यात सांगतो. पाचही शार्क प्रत्येकी ८५ टक्के भरलेल्या आहेत. म्हणजे प्रत्येकीवर १५ टक्के रिकामी, एकूण बेरीज ७५ टक्के. आता तुम्हाला २० टक्के लागणारं एक प्लगइन लावायचंय. नाही लागणार. स्क्रीनवर जागा भरपूर दिसते आणि तरी एरर येते. मग लोक म्हणतात कार्ड खराब आहे. कार्ड ठणठणीत असतं. यूएडीच्या मीटरमध्ये तीन गोष्टी दिसतात: डीएसपी, प्रोग्राम आणि मेमरी. नुसता डीएसपीचा आकडा बघू नका. प्रोग्रामची जागा संपली तरीही प्लगइन लागत नाही. यावर साधा उपाय म्हणजे भारी प्लगइन आधी लावा, हलकी नंतर. सामान भरताना मोठी बॅग आधी ठेवतो ना, तसंच.

दुसरा गैरसमज बँडविड्थचा. "दोन कार्डं लावली तर बस जाम होईल का?" इथे बस म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची, आपल्या रिक्षावाली नव्हे! यूएडी-२ चं पीसीआय एक्सप्रेस कार्ड एक्स-१ प्रकारचं आहे. छोट्या स्लॉटमध्ये बसतं, मोठ्या एक्स-१६ स्लॉटमध्येही बसतं. पहिल्या पिढीच्या एक्स-१ ची क्षमता एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट. आता एक स्टिरिओ ट्रॅक बघा: सेकंदाला ४८,००० सॅम्पल, प्रत्येकी ४ बाइट, दोन चॅनेल. गुणाकार केला तर ३,८४,००० बाइट, म्हणजे ०.३८४ मेगाबाइट. असे शंभर स्टिरिओ प्लगइन चालवले तरी ३८.४ मेगाबाइट. तेव्हा बँडविड्थची काळजी सोडा.

काळजी करायची ती उशिराची, म्हणजे लेटन्सीची. ऑडिओ संगणकातून कार्डावर जातो आणि परत येतो, आणि हा प्रवास बफरच्या पुड्या बांधून होतो. बफर ५१२ सॅम्पलचा असेल तर ४८ किलोहर्ट्झला एक पुडी १०.७ मिलिसेकंदांची. जायला एक, यायला एक धरली तर २१ मिलिसेकंदांच्या वर. एकाच ट्रॅकवर असे तीन प्लगइन एकामागोमाग लावले की साठच्या पुढे. मिक्स करताना तुमचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे ढकलतं, त्यामुळे कानाला काही कळत नाही. पण गायिका हेडफोन लावून गात असेल तर तिला स्वतःचाच आवाज उशिरा येणार. दुसरं कार्ड घेतल्याने हे सुधारत नाही. ताकद वाढते, प्रवास तेवढाच राहतो. म्हणून ही कार्डं मुख्यतः मिक्सिंगसाठी आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता लायसन्स. माझ्या मते सगळा व्यवहार इथेच ठरतो.

यूएडीचे प्लगइन विकत घेतले की त्याची परवानगी तुमच्या खात्याशी आणि त्या कार्डाच्या ओळख क्रमांकाशी बांधलेली असते. आमच्या भाषेत याला नोड-लॉक्ड लायसन्स म्हणतात, फक्त इथे नोड म्हणजे संगणक नाही, कार्ड. संगणक बदलला, हार्ड डिस्क बदलली, काही बिघडत नाही. कार्ड नव्या संगणकात टाका, प्लगइन तिथे चालतील. चांगली बाजू अशी, की एकाच खात्यावरची दोन कार्डं एकाच संगणकात असतील तर एकदा घेतलेलं प्लगइन दोन्हींवर चालतं, पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत.

अडचणीची बाजू आता ऐका. ही लायसन्स सुटी विकता येत नाहीत. "माझ्याकडचा अमुक कॉम्प्रेसर तुला विकतो, कार्ड मी ठेवतो" असं चालत नाही. लायसन्स जायचं असेल तर कार्डासोबतच जातं. आणि जातं म्हणजे आपोआप जात नाही. नोंदणीकृत मालकाने स्वतःच्या खात्यातून ते कार्ड सोडावं लागतं. कार्ड तुमच्या हातात, मालकी दुसऱ्याच्या नावावर, अशी स्थिती राहिली तर तुमच्याकडे आहे तो एक हिरवा सर्किट बोर्ड. फ्लॅटची किल्ली मिळाली पण खरेदीखत झालंच नाही, तसं.

माझ्या एका मित्राच्या बाबतीत हेच झालं. तो नाटकांचं पार्श्वसंगीत करतो. एका विक्रेत्याकडून त्याने क्वाड घेतलं. जाहिरातीत स्क्रीनशॉट होता, त्यात प्लगइनची लांबलचक यादी. पैसे आधी दिले. कार्ड आलं, संगणकाने ओळखलं, पण नोंदणी होईना, कारण ते जुन्या मालकाच्याच नावावर होतं. विक्रेता फोन उचलेना. प्रयोगाची तारीख जवळ आलेली आणि याने आधीच्या स्टुडिओत केलेली सेशन्स उघडायला तेच प्लगइन हवे होते. बऱ्याच दिवसांनी कार्ड त्याच्या नावावर झालं, पण यादीतले निम्म्याहून जास्त प्लगइन त्यात नव्हतेच. स्क्रीनशॉट घेतला तेव्हा ते डेमोवर चालू होते! यूएडीचा डेमो १४ दिवस पूर्ण क्षमतेने चालतो. चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. नाटकाचं काम त्याने संगणकातल्या साध्या प्लगइनवर नव्याने मिक्स करून भागवलं, चार रात्री जागून.

म्हणून व्यवहाराआधी काय बघायचं ते सांगतो, लिहून घ्या हवं तर.

एक, कार्डाच्या सिरियल नंबरचा फोटो मागा. दोन, कंट्रोल पॅनेलमधल्या प्लगइनच्या यादीचा व्हिडिओ मागा, वरपासून खालपर्यंत सरकवत. ज्याच्यासमोर अधिकृत लिहिलंय तेच मोजा, डेमोचे दिवस दिसतायत ते सोडा. तीन, विक्रेत्याकडे एकाच खात्यावर दोनतीन कार्डं असतील तर या कार्डाबरोबर नक्की कुठली लायसन्स येणार ते लेखी घ्या, साधा मेसेज चालेल. चार, शेवटचा हप्ता मालकी तुमच्या खात्यावर दिसल्यावरच द्या. पाच, तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्या कार्डाचा ड्रायव्हर आहे का ते पैसे देण्याआधी बघा. यूएडी-१ स्वस्तात दिसेल, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागा नाही आणि नव्या मदरबोर्डवर जुना पीसीआय स्लॉटही सहसा नसतो. लॅपटॉप असेल तर बाहेरचा थंडरबोल्ट डबा लागेल, त्याचा खर्च धरा. परदेशातून मागवत असाल तर कुरियर आणि कस्टम्स ड्युटी वेगळी.

आणि एक शब्दाचा सापळा. जाहिरातीत "क्वाड कोअर" लिहिलेलं असतं. आपण संगणकवाले लगेच समजतो चार कोअर. इथे क्वाड म्हणजे चार चिप, आणि कोअर हे सोबत येणाऱ्या प्लगइनच्या संचाचं नाव. कोअर, कस्टम, अल्टिमेट असे संच होते. चिप्स तेवढ्याच, आतला ऐवज वेगळा. किमतीतला फरक तिथून येतो.

आता कोणी विचारेल, आजच्या प्रोसेसरपुढे या चिप्सची गरजच काय? रास्त प्रश्न आहे. नुसत्या ताकदीसाठी म्हणाल तर आजचा साधा डेस्कटॉपही खूप पुढे गेलाय. २०२२ पासून कंपनीने स्वतःच आपल्या बऱ्याच प्लगइनच्या नेटिव्ह, म्हणजे कार्डाशिवाय चालणाऱ्या आवृत्त्या काढल्यात. म्हणूनच माझं मत असं झालंय, की हे कार्ड आज मुख्यतः एक डोंगल आहे. त्यात गणित करणाऱ्या चिप्स आहेत हे खरं, पण तुम्ही पैसे मोजताय ते परवानगीसाठी. हे एकदा पटलं की हिशोब सोपा होतो. पहिलं कार्ड घ्याल ते त्यावरच्या लायसन्ससाठी घ्या. हवे ते प्लगइन असतील तर जास्त पैसे द्या. दुसरं कार्ड घ्याल ते नुसत्या ताकदीसाठी. त्यावर काहीही नसलेलं, सगळ्यात स्वस्त कार्ड बघा, कारण पहिल्यावरची लायसन्स त्यालाही चालणार आहेत. लोक नेमकं उलटं करतात. दोन्ही कार्डं प्लगइनसकट घेतात आणि तेच कॉम्प्रेसर दोनदा विकत घेतात. आणि हवं ते प्लगइन नेटिव्ह मिळत असेल तर आधी ती किंमत बघा, कार्डाच्या मागे लागूच नका.

शेवटी थोडं पुढचं बोलतो. जर्मनीतल्या क्रीमवेअर कंपनीची पल्सार आणि स्कोप कार्डं होती, तीही शार्कवरच. दोन कार्डं आतून एका रिबन केबलने जोडायची. त्यांची लायसन्स की कार्डाच्या सिरियलवर बनायची आणि फाइल म्हणून तुमच्याजवळ राहायची. पुढे कंपनी बुडाली, सोनिक कोअरने काम हातात घेतलं, पण ज्यांनी ती फाइल जपून ठेवली त्यांची कार्डं चालत राहिली. दुसरीकडे टीसी इलेक्ट्रॉनिकचं पॉवरकोअर. चिप्स धडधाकट, पण नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हरच येत नाही, मग जुना संगणक तेवढ्यासाठी जपायचा. यूएडीमध्ये परवानगी कंपनीच्या सर्व्हरवरून येते, म्हणजे कंपनी आणि खातं दोन्ही शाबूत असेपर्यंतच. यात कंपनीला नावं ठेवायची नाहीयेत, व्यवस्थाच तशी आहे.

त्यामुळे कार्ड कुठलंही असो, एक सवय लावून घ्या. प्रोजेक्ट संपला की प्रत्येक ट्रॅक प्लगइनसकट साध्या ऑडिओ फाइलमध्ये उतरवून ठेवा. डिस्कवर जागा लागते, लागू दे. दहा वर्षांनी कोणी तुमचं गाणं पुन्हा मागेल तेव्हा कार्ड नसेल, खातं आठवत नसेल, पण आवाज तरी तुमच्याजवळ असेल.

आजच्यापुरतं एवढंच. कुठलं कार्ड घ्यायचं ठरवत असाल तर सिरियल नंबर झाकून बाकी माहिती पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि पैसे देण्याआधी तो व्हिडिओ मागायला विसरू नका.