कपाळावरचा आकडा



सकाळपासून सभागृहाबाहेरच्या कंपन्यांच्या स्टॉलवर गर्दी आहे आणि मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्नही तिथलाच: बाळाच्या मेंदूतला ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर घ्यावा का? आज तेवढ्यावरच बोलतो.

यंत्राची करामत खरी आहे. निअर-इन्फ्रारेड प्रकाश कातडी आणि हाड पार करून आतल्या रक्तातल्या ऑक्सिजनची खबर आणतो, हे ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखवलं. नवजात बाळाची कवटी पातळ, त्यामुळे काम आणखी सोपं. पायाला बांधलेला पल्स ऑक्सिमीटर फक्त धमनीचं सांगतो. या मॉनिटरच्या कपाळावर लावलेल्या सेन्सरला दिसणारं रक्त बहुतांशी शिरांमधलं, म्हणजे मेंदूने आपला वाटा घेतल्यावर उरलेलं. म्हणून पायावर ९२ आणि कपाळावर ५० असं होऊ शकतं.

कसं होतं, ते पाहा. व्हेंटिलेटरचा दाब जास्त आहे, म्हणून बाळाची छाती जरा जास्तच छान हलते आहे. कार्बन डायऑक्साइड घसरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, कपाळावरचा आकडा खाली येतो. पायावरचा आकडा मात्र झकास, आणि राउंडला आलेले आपण समाधानाने पुढच्या वॉर्मरकडे.

२०१५ मध्ये युरोपातल्या सेफबूस्क चाचणीत, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १६६ बाळांमध्ये, आकडा पाहून उपचार केल्यावर मेंदूला ऑक्सिजन कमी पडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. सगळे हरखले. मग २०२३ साली तिचाच मोठा भाग आला: १६०१ बाळं, पहिले ७२ तास. मृत्यू किंवा मेंदूला गंभीर इजा मॉनिटर लावलेल्यांत ३५.२ टक्के, नेहमीच्या देखरेखीत ३४.० टक्के. म्हणजे फरक नाही. स्टॉलवरच्या पत्रकात पहिली चाचणी ठळक छापतात, दुसरी शोधावी लागते. (स्टॉलवाल्यांची क्षमा मागतो; आजचं जेवण त्यांच्याकडूनच आहे.)

माझं मत असं, की या आकड्याने जे शिकवलं ते यंत्राविनाही वापरता येतं. ८०० ग्रॅमच्या बाळात सगळं मिळून रक्त सत्तर मिलिलिटरच्या आसपास. तपासणीला दोन मिलिलिटर काढलं, तर ते मोठ्या माणसाचं जवळपास दीडशे मिलिलिटर काढल्यासारखं. हिमोग्लोबिन उतरलं की मेंदूला पोचणारा ऑक्सिजनही उतरतो. तेव्हा नमुने एकत्र काढा, "रोजचं म्हणून" काही पाठवू नका. जन्मतःच श्वास घेणाऱ्या बाळाची नाळ मिनिटभर थांबून कापा. व्हेंटिलेटरचे दाब दर पाळीत तपासा, आणि ते कमी करायला सिस्टरने सुचवलं तर ऐकून घ्या.

तरीही मोठ्या केंद्रांनी, विशेषतः नवजातांच्या हृदयशस्त्रक्रिया होतात तिथे, मॉनिटर जरूर घ्यावा. पण एकाच कंपनीचा आणि एकाच जातीचा सेन्सर वापरावा. एकाच बाळावर दोन सेन्सर दहा-दहा टक्क्यांनी वेगळं बोलतात. जिल्हा रुग्णालयातल्या विशेष नवजात काळजी कक्षाने (एसएनसीयू) आधी कार्बन डायऑक्साइड दाखवणारं आपलं ब्लड गॅस मशीन चालू आहे का ते पाहावं, आणि रविवारी रात्री त्याची कार्ट्रिज कपाटात असते का, तेही.