दुसऱ्या गिअरचे दुखणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी विद्वान वक्त्यांनी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवर विवेचन केले. आमच्या वाट्याला गिअरबॉक्स आला आहे. आमचे शिक्षण बी. ए.पर्यंतचे, तेही इतिहास घेऊन. आणि उभी हयात केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीत गेलेली. तेव्हा यंत्रशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तो कोणता, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. अधिकार एकच. या विषयात आम्ही चुकलो आहोत, आणि त्या चुकीचे मोलही भरले आहे.

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या आवारात जी काळी मोटार मुलांनी गराडा घालून पाहिली, ती १९३० सालची फोर्ड मॉडेल ए. ही जात डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आली आणि चार-सव्वाचार वर्षांत सुमारे ४८ लाख गाड्या बाहेर पडल्या. आमची गाडी आजोबांनी इंदूरला १९५२ साली जुनीच विकत घेतली. वडिलांनी ती सांभाळली आणि १९८७ साली आम्ही तिच्यावर हात बसविला. काही वर्षांपूर्वी ती ट्रकवर घालून दिल्लीस आणली, तेव्हा तिला एक दुखणे जडलेले होते. दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढू लागली की गिअरचा दांडा आपोआप उडून न्यूट्रलवर येई.

या गाडीला पुढचे तीन गिअर आणि मागचा एक. दोन चाकांचे वेग आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोमेशची सोय फोर्डने १९३२ सालच्या गाड्यांत आणली. मॉडेल ए मध्ये ती नाही. येथे दातेरी चाक दांड्यावर सरकते आणि दुसऱ्या फिरत्या चाकाच्या दात्यांत शिरते. वेग जुळला तर चाक अलगद बसते; न जुळला तर दात्यांच्या कडा एकमेकींवर आपटतात. अशा हजारो आघातांनी कडांचे टवके उडतात. चाक पुरते आत शिरत नाही, सगळा भार दात्याच्या अर्ध्या रुंदीवर येतो, आणि दाता एका बाजूला निमुळता झिजतो. निमुळता दाता पाचरीसारखा वागतो. भार येताच तो जोडीदाराला बाजूला ढकलतो. गिअर उडतो तो यामुळे.

आम्ही एका कारखान्यात गेलो आणि काटकसरीच्या आमच्या जन्मजात सवयीनुसार सांगितले की, टवके वेल्डिंगने भरा आणि कानशीने घासून द्या. त्यांनी तसे केले. तीन आठवडे आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली. चौथ्या आठवड्यात भरलेला दाता मुळापासून तुटला, त्याचा तुकडा इतर दात्यांत सापडला आणि खालच्या जोडचाकाचे आणखी दोन दाते घेऊन गेला. पाणी दिलेल्या पोलादावर वेल्डिंग केले की सांध्यालगतचा भाग झपाट्याने निवून काचेसारखा ठिसूळ होतो, आणि त्याच्या पलीकडचा भाग पाणी उतरून मऊ पडतो. ही विद्या आम्हांस नंतर प्राप्त झाली.

नंतर काश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात विचारपूस करता करता एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी तुटका दाता हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, दाता मेलेला नाही, मारलेला आहे. मारणारा अजून पेटीत बसला आहे.” तपासणीचे काम करणाऱ्याला हे वाक्य कळावयास वेळ लागू नये. तूट कोठे दिसते हे महत्त्वाचे नसते. ती कोठून सुरू झाली, हे शोधावयाचे असते.

पेटी रॉकेलने धुऊन मोजमापे घेतली. खालचे जोडचाक ज्या स्थिर दांड्यावर रोलरांच्या आधाराने फिरते, तो दांडा सहा थाऊ झिजलेला, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर. पेटीतली त्याची भोके लांबट झालेली. वरच्या दांड्याच्या बेअरिंगात खेळ. चाक सरकविणारा चिमटा पातळ झालेला आणि दांडा जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग निकामी. म्हणजे दोन्ही दांडे समांतरच नव्हते. अशा पेटीत नवे चाक घातले असते, तर तेही वर्षभरात निमुळते झाले असते.

म्हणून क्रम उलटा ठरला. प्रथम पेटीची भोके सरळ करून त्यांत बूश बसविले. दांडा नवा केला. चिमट्याला पितळेचा डाग देऊन तो मापास आणला. बेअरिंगे व स्प्रिंग बदलली. चाकांची पाळी शेवटी आली.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. आपल्या देशात १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली आणि आजचे कारखाने दाते मॉड्यूलच्या मापाने कापतात. जुन्या अमेरिकन चाकांचे माप इंचातल्या डायमेट्रल पिचचे असते. उदाहरणार्थ, ८ पिच म्हणजे ३.१७५ मॉड्यूल. जवळचे म्हणून ३.२५ चे कटर वापरले, तर दर दात्यामागे जवळजवळ पाव मिलिमीटरचा फरक पडतो. अशी चाके दिसावयास सारखी असतात, पण मिळत नाहीत. या गाडीची नवी चाके अमेरिकेत अजून तयार होतात. आम्ही अखेर जोडचाक आणि त्याच्याशी जुळणारे दुसऱ्या गिअरचे चाक, अशी जोडीच मागविली. कारण झिजलेल्या जुन्या दात्याशी नवा दाता फार काळ नांदत नाही. पहिले व मागचे चाक चांगले होते, त्याला हात लावला नाही.

जीपचा गिअरबॉक्स बसवा, असा सल्ला अनेकांनी दिला. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीची तरतूद झाली, तिच्यातही मूळ रूप राखण्यावर भर आहे. परंतु आमचे कारण कायद्याचे नव्हते. जुनी चाके भिंगाखाली पाहताना मिस्त्रींनी दाखविले की, काही टवके जुने, कडा गुळगुळीत झालेले होते. बहुतेक मात्र ताजे, धारदार होते. आजोबा आणि वडील ती गाडी पस्तीस वर्षे चालवीत होते. ताजे टवके आमचे होते. मारणारा पेटीत होता तसा पेटीबाहेरही होता. आणि आम्ही आजवर दोष देत होतो तो इंदूरच्या मेकॅनिकला.

तेव्हा शेवटची दुरुस्ती आमचीच झाली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आम्ही गिअर बदलावयास नव्याने शिकलो. खालचा गिअर घेताना क्लच दाबावा, न्यूट्रलवर यावे, क्लच सोडून किंचित वेग द्यावा, पुन्हा क्लच दाबून मग गिअर घालावा. वडील हेच सांगत असत. आम्हांस घाई असे.

पन्नास वर्षांच्या संस्थेतही जुनी आणि नवी चाके एकत्र फिरतात. खडखडाट झाला की आपण नव्या दात्याला दोष देतो किंवा जुन्याला. कधी दोन्ही दांडे समांतर आहेत का, हेही पाहावे, आणि थोडा वेळ न्यूट्रलवर थांबावे, एवढेच नम्रपणे सुचवितो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आता चढ चढते. पुढच्या गणेशोत्सवात मुलांना तिच्यात बसविण्याचे वचन देतो.