काम, निवारा आणि शिक्षण

(महाविद्यालयीन प्राध्यापक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण चालू असतानाच विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यावर भर दिला. २०२४ साली आपल्या राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि सुशिक्षित तरुण कचेऱ्यांतून व कारखान्यांतून प्रशिक्षणार्थी म्हणून दिसू लागले. अशा वेळी, ज्या ठिकाणी हा प्रयोग चाळीस वर्षांहून अधिक काळ मोठ्या प्रमाणावर झाला, तेथील अनुभव पाहणे उद्‌बोधक ठरेल. म्हणून आज मी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन नगरीविषयी बोलणार आहे. ठिकाण करमणुकीचे असले तरी प्रश्न गंभीर आहे.

ऑर्लँडो शहराजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी ही नगरी लोकांसाठी खुली झाली. १९८२ साली तेथे एपकॉट हे दुसरे उद्यान उघडले; पुढे १९८९ व १९९८ साली आणखी दोन उद्यानांची भर पडली. अशा ठिकाणी काम ऋतुमानाप्रमाणे वाढते. शाळांच्या सुट्ट्या आणि नाताळ आला की माणसांची रीघ लागते. ती ओसरली की तेवढे हात लागत नाहीत. या गरजेतून १९८० च्या दशकाच्या आरंभी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याने काही महिने यावे, वेतन घेऊन काम करावे, कंपनीने व्यवस्था केलेल्या घरांत राहावे आणि उद्योगाची ओळख करून घ्यावी, अशी त्याची रचना होती.

अर्ज कसा होतो? वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी अर्ज भरतो. झोपाळे व आगगाड्या चालविणे, खाद्यगृह, दुकान, पोहण्याच्या तलावावरील जीवरक्षक, झाडलोट अशा अनेक कामांपैकी कोणते आवडेल, हे तो कळवितो. मुलाखतीत विद्वत्तेपेक्षा स्वभावाची पारख अधिक होते. संतापलेल्या पाहुण्याशी तुम्ही कसे बोलाल? तेच वाक्य दिवसातून शंभर वेळा हसतमुखाने म्हणू शकाल का? निवड झालेल्याला एक अट मान्य करावी लागते : दिवस, रात्र, रविवार, सण, केव्हाही कामावर येण्याची तयारी. इतर लोक ज्या दिवशी सुट्टी घेतात, नेमका तोच त्याचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो.

कामाचा आरंभ ‘ट्रॅडिशन्स’ नावाच्या वर्गाने होतो. तेथे नोकराला ‘कास्ट मेंबर’, म्हणजे नाटकातील पात्र, म्हणतात. गणवेशाला ‘कॉस्च्युम’ आणि ग्राहकाला ‘गेस्ट’. छातीवरील बिल्ल्यावर आडनाव नसते. दिशा दाखविताना एक बोट रोखायचे नाही, दोन बोटांनी किंवा पूर्ण हाताने दाखवायचे. मॅजिक किंगडम या उद्यानाच्या खाली बोगद्यांसारखे मार्ग बांधलेले आहेत. एका विभागाच्या वेशातील कामगार दुसऱ्या विभागात दिसून देखावा बिघडू नये, हा त्यांचा हेतू.

तेथील प्रशिक्षणातले एक उदाहरण आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे. पाहुणे विचारतात, ‘‘तीन वाजताची मिरवणूक किती वाजता?’’ प्रश्न हास्यास्पद वाटतो. परंतु विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे असते की, मी उभा आहे त्या जागी मिरवणूक केव्हा पोचेल, मुलाला खांद्यावर कधी घ्यावे. तेव्हा उत्तर त्या खऱ्या प्रश्नाला द्यावे, अशी शिकवण दिली जाते. आपल्या ग्रामपंचायतीच्या दाराशी दाखल्यासाठी आलेली वृद्ध बाई जेव्हा भलताच प्रश्न विचारते, तेव्हा तिच्या मनातला प्रश्न ओळखणे हेही असेच कौशल्य होय. झाडू हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला ते मिळत असेल, तर ते शिक्षणच आहे.

आता दुसरी बाजू. घरे सामायिक असतात. एका सदनिकेत अनेकजण राहतात. कोणी पहाटे कामावर निघतो, तर कोणी मध्यरात्रीनंतर परततो. भाडे दर आठवड्याला पगारातून परस्पर वळते होते. कामाचे तास गर्दीप्रमाणे कमीजास्त होतात. भाडे मात्र कमी होत नाही. काही महाविद्यालयांनी या कामाला श्रेयांक दिले, काहींनी दिले नाहीत. रॉस पर्लिन या लेखकाने २०११ सालच्या आपल्या ‘इंटर्न नेशन’ या ग्रंथात टीका केली, ती हीच की शिक्षणाच्या नावाखाली कंपनीला तात्पुरते व स्वस्त मनुष्यबळ मिळते. याउलट तेथे राहून आलेले अनेकजण त्या महिन्यांत आत्मविश्वास आणि जन्माचे मित्र मिळाल्याचे सांगतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

या व्यवस्थेची खरी कसोटी मार्च २०२० मध्ये लागली. कोरोनाच्या साथीमुळे उद्याने बंद झाली आणि विद्यार्थ्यांचा कार्यक्रम थांबविण्यात आला. काम गेले, त्याबरोबर निवाराही गेला. घरे सोडण्यासाठी मिळाले ते अवघे काही दिवस. हजारो तरुणांना सामानसुमान आवरून, जमेल त्या मार्गाने आपापल्या गावी परतावे लागले. २०२१ साली कार्यक्रम पुन्हा सुरू झाला आणि नवी घरेही उभी राहिली. परंतु नोकरी आणि निवारा एकाच हाती असला की एक सुटताच दुसराही सुटतो, हा धडा विसरण्याजोगा नाही.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापन केले, ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. तेथे विद्यार्थ्याचे श्रम त्याच्या शिक्षणासाठी होते. फ्लॉरिडात श्रम मूलतः उद्योगासाठी आहेत आणि शिक्षण त्याच्या आनुषंगाने येते. उद्योगाने नफा पाहावा यात गैर काही नाही. मात्र विद्यार्थ्याला पाठविणाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. आपला विद्यार्थी परदेशी उद्यानात जावो, जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीत जावो किंवा पंचायतीच्या कचेरीत येवो, चार प्रश्न आधी विचारावेत. भाडे व खर्च वजा जाता त्याच्या हाती काय उरेल? काम अचानक थांबले तर तो कोठे राहील? त्याला शिकविण्याची जबाबदारी कोणा एका व्यक्तीवर नावानिशी सोपविली आहे काय? आणि या अनुभवाची नोंद त्याच्या अभ्यासक्रमात होणार आहे काय? पंचायत सदस्यांनी तर हे प्रश्न स्वतःलाच विचारावयाचे आहेत, कारण प्रशिक्षणार्थी त्यांच्याच दारी येतो. त्याला केवळ आवक-जावक नोंदवहीपाशी बसवून ठेवले, तर मुदत संपेल आणि तो रिकाम्या हातांनी घरी जाईल. ग्रामसभेचे इतिवृत्त कसे लिहावे, घरपट्टीचा हिशेब कसा जुळतो, हे त्याला कोणी शेजारी बसवून दाखविले, तर तेच महिने त्याला आयुष्यभर पुरतील.

तरुणांचे श्रम ही उसनी घेतलेली ठेव आहे. ती व्याजासह परत करणे आपले कर्तव्य आहे.