खारा वारा आणि आपलं आउटडोअर



 गोंदिया जिल्ह्यातल्या एसी आणि रेफ्रिजरेशनच्या कारागिराला बोलण्यासाठी या संमेलनासारखं व्यासपीठ फार क्वचित मिळतं. म्हणून स्वागत-सत्काराच्या शब्दांत वेळ न घालवता कामाचंच बोलतो.

माझा विषय आहे समुद्रकाठच्या आउटडोअर युनिटांना लागणारा गंज. धानाच्या जिल्ह्यात समुद्राची गोष्ट कशाला, असं काहींच्या मनात येईल. पण गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस साडेनऊशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून थेट मुंबईला जाऊन थांबते, आणि तिच्यात आपली मुलं बसलेली असतात. आमगावचा, देवरीचा, सालेकशाचा मुलगा आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स करतो, इथं दोन उन्हाळे कुणाच्या हाताखाली काढतो आणि मग मुंबई, पनवेल, अलिबाग, रत्नागिरीची वाट धरतो. इथं त्याला पंचेचाळीस अंशांचं ऊन, कमी-जास्त होणारा व्होल्टेज आणि धूळ यांच्याशी झगडायला शिकवलेलं असतं. मीठ त्यानं फक्त स्वयंपाकघरात पाहिलेलं असतं. तिथं गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यापुढे एक असं यंत्र येतं, की ज्याचा रोग त्याच्या ओळखीचा नसतो.

तक्रार नेहमीचीच असते: एसी गार करत नाही. मुलगा गेज लावतो. डिस्चार्जचं प्रेशर चढलेलं, करंट वाढलेला, कंप्रेसर थोड्या थोड्या वेळानं ट्रिप होतोय. तो कॉइल धुतो, फरक पडत नाही. मग गॅस कमी-जास्त करून पाहतो, कॅपॅसिटर बदलतो. ग्राहकाचे पैसे जातात आणि आठवड्यात पुन्हा तीच तक्रार येते. खरं दुखणं पाहायचं असेल तर मागची जाळी काढून फिनवर हलकेच बोट फिरवावं. फिनचा पांढरा चुरा बोटाला लागून खाली गळतो. आत तांब्याची नळी मात्र जशीच्या तशी, शाबूत. गॅसची गळती नाही, म्हणून लीक टेस्टमध्ये काही सापडत नाही. पण नळीला घट्ट धरून तिची उष्णता हवेत सोडणारी, जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टीच उरलेली नाही. नळी आहे, गॅस आहे, पंखा फिरतोय, पण उष्णतेला बाहेर पडायला रस्ता नाही.

हे का होतं, ते आपल्या मुलांना फळ्यावर समजावून सांगितलं पाहिजे. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि दोघांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसला, की तिथं एक बॅटरी तयार होते. तिच्यात कमी प्रतीचा धातू झिजतो आणि वरच्या प्रतीचा वाचतो. म्हणजे इथं ॲल्युमिनियम मरतं आणि तांबं तरतं. हा धडा माणूस समुद्रावरच शिकला. १७६१ मध्ये इंग्रजांच्या ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा बरेच खिळे कुजून गेलेले होते. काही तेवढे चांगले राहिले होते. नीट पाहिल्यावर कळलं, की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या खिळ्यांखाली अडकून राहिला होता. दोन धातूंच्या मध्ये कागद आला, तिथं खिळा वाचला. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं हीच गोष्ट उलटी वापरली. जहाजाच्या तांब्याला त्यानं मुद्दाम जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे ते तुकडे झिजतील आणि तांबं वाचेल. आजही मच्छीमार ट्रॉलरच्या पाण्याखालच्या भागाला जस्ताचे तुकडे बसवतात, आणि ते झिजले की बदलतात. आपल्या आउटडोअरमध्ये जस्ताची ती जागा दुर्दैवानं फिननं घेतली आहे, आणि फिन काही बदलता येत नाही.

आता मिठाचा स्वभाव पाहा. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःहून पाणी धरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, आणि ते तर तेहतीस टक्क्यांपासूनच ओलं होतं. म्हणजे किनाऱ्यावर पाऊस नसला तरी कॉइलवरचा तो थर वर्षातला बराचसा काळ ओलाच राहतो. एसी चालू असताना कॉइल गरम असते, त्यामुळे थोडी तरी वाळते. बंद असताना ती खात्रीनं सडते. म्हणून मुरूड-अलिबागकडचे ते बंगले, जे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुलूपबंद असतात, त्यांची युनिटं रोज चालणाऱ्या युनिटांच्या आधी जातात. मालकाला ते पटत नाही. ‘चार महिने वापरलंच नाही, मग खराब कसं झालं?’ असं तो विचारतो. न वापरल्यानंच खराब झालं, हे त्याला शांतपणे सांगण्याइतकं ज्ञान आपल्या मुलाकडे हवं.

हॉटेलांत गरम पाण्यासाठी हीट पंप बसतात. परदेशात, थंडीच्या देशांत, घर गरम ठेवायला हेच यंत्र वापरतात. या यंत्रात बाहेरची कॉइल गरम नसते, गार असते, कारण ती बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत देते. गार कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि मीठ पुन्हा पुन्हा भिजतं. त्यामुळे समुद्रकाठी हीट पंपाची काळजी साध्या एसीपेक्षा जास्तच घ्यावी लागते.

उपाय म्हटलं की ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, निळी फिन घेऊ की सोनेरी? माझं स्पष्ट मत आहे, की रंगावर युनिटाचं आयुष्य ठरत नाही. पुष्कळ निळ्या फिनांवरचा लेप मुख्यतः पाणी पटकन ओघळून जावं म्हणून असतो. शिवाय पत्र्याला आधी लेप देऊन मग फिन कापली असेल, तर कापलेली कड उघडीच राहते आणि गंज तिथूनच शिरतो. पूर्ण कॉइल तयार झाल्यावर ती इपॉक्सीत बुडवून लेप दिला असेल, तर कडाही झाकल्या जातात. ग्राहकाला सल्ला देताना कंपनीला हाच एक प्रश्न विचारा: लेप कापण्याआधी दिला की नंतर? जाहिरातीत मिठाच्या फवाऱ्याचे तास लिहिलेले असतात. पाच टक्के मिठाचं पाणी, पस्तीस अंश तापमान, अशी ती बंद खोलीतली चाचणी असते. दोन लेपांची तुलना करायला ती ठीक आहे. पण तिच्या तासांचा मालवणच्या वर्षांशी हिशेब लागत नाही, कारण त्या खोलीत ऊन नसतं, वाळणं नसतं, वारा नसतो.

युनिटाचं आयुष्य खरं ठरतं ते बसवण्याच्या दिवशी, आणि ते ठरवणारा माणूस आज या सभागृहात बसला आहे. जपानमध्ये कंपन्या समुद्रापासूनच्या अंतरावर युनिटाचा प्रकार ठरवतात. साधारण तीनशे मीटरच्या आत भारी क्षारविरोधी युनिट, तिथून एक किलोमीटरपर्यंत त्याच्या खालचं. आपल्याकडे अंतर कुणी विचारतच नाही. जिथं भोक पाडायला सोपं, तिथं स्टँड ठोकला जातो. पश्चिमेच्या भिंतीवर, समुद्राकडे तोंड करून लावलेलं युनिट आणि त्याच इमारतीच्या पूर्वेच्या भिंतीवरचं युनिट यांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. आडोसा पाहिजे, पण तो वाऱ्याचा. पावसाचा आडोसा उलट घातक ठरतो. पाऊस मीठ धुऊन नेतो. छज्ज्याखाली सुरक्षित ठेवलेल्या युनिटावर खारा वारा येतो, पाऊस मात्र येत नाही, आणि मिठाचे थरावर थर चढतात. पावसाळ्यात युनिट प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवण्याची पद्धतही सोडवली पाहिजे. त्यात मीठ आणि ओल दोन्ही आतच कोंडतात.

स्टँडबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण इथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे गंजाच्या दृष्टीनं सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्याहीवर सीएक्स असे वर्ग केले आहेत. सी-५ हवेत जस्ताचा थर वर्षाला सुमारे चार ते आठ मायक्रॉन झिजतो. सी-२ हवेत एक मायक्रॉनसुद्धा झिजत नाही. बाजारातल्या हलक्या स्टँडवर समजा वीस मायक्रॉन जस्त आहे. कोरड्या, स्वच्छ हवेत ते तीस वर्षं टिकेल. समुद्रासमोर ते अडीच ते पाच वर्षांत संपेल, आणि मग लोखंड उघडं पडेल. ऐंशी मायक्रॉनचं हॉट डिप गॅल्वनायझिंग असेल तर तोच हिशेब दहा वर्षांच्या पुढे जातो. पण त्या हलक्या स्टँडवरच पाचव्या-सातव्या वर्षी आपला एखादा मुलगा बाराव्या मजल्यावर एक पाय ठेवतो. वरून रंग असतो, रंगाखाली काय उरलंय ते दिसत नाही. पट्टा न बांधता कुणीही त्या स्टँडवर वजन टाकू नये. मालक घाई करो, ठेकेदार ओरडो, पट्टा नसेल तर काम नाही, हे आपण इथूनच मुलांच्या मनावर ठसवून पाठवलं पाहिजे. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घ्या, आणि दोन वेगळे धातू जिथं भेटतात तिथं नायलॉनचं वायसर किंवा रबर घाला. त्या ‘अलार्म’वरच्या तपकिरी कागदानं जे केलं, तेच हे वायसर करतं.

यानंतर उरतं ते धुणं. समुद्रासमोरचं युनिट महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवावं. मेन स्विच बंद करून, पीसीबी झाकून, कमी दाबानं आणि आतून बाहेरच्या दिशेनं. प्रेशर पंपानं फिन वाकतात, आणि ॲसिडनं जे मीठ वर्षभरात करणार ते एका दुपारी होतं. पाणी मात्र खरोखर गोडं असलं पाहिजे. किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी आणि बोअर एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यानं धुणं म्हणजे युनिटावर आपल्या हातानं मीठ शिंपडणं. खिशात पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ठेवा, तो फार महाग नाही.

हे सगळं कोकणचं झालं, असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपल्या जिल्ह्यात मीठ नाही, पण अमोनिया आहे. इंग्रजांच्या फौजेत पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली, की त्यांना आपोआप चिरा जात. १९२१ मध्ये संशोधकांनी नीट दाखवून दिलं, की कारण अमोनिया होतं. ताण पडलेल्या पितळेला अमोनिया आणि ओल मिळाली की ते तडकतं. आपला फ्लेअर नट पितळेचाच असतो आणि आवळल्यावर तो सतत ताणाखाली असतो. मग गोठ्याला लागून, युरियाच्या गोदामाच्या दारावर किंवा मुतारीच्या मागच्या भिंतीवर आउटडोअर लावल्यावर नट का फुटला, याचं नवल कशाला? नाल्यावर लावलेल्या युनिटाचं तांबं काळं पडतं, ते नाल्यातून उठणाऱ्या हायड्रोजन सल्फाईडनं. आणि उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये वाफ, कोंड्याचा भुसा आणि बॉयलरची राख एकत्र होऊन कॉइलवर जो लेप बसतो, तो तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खरवडून काढला असेल. राखेनं धरलेली ओल फिनजवळ दिवसेंदिवस राहते. जागा बघून युनिट लावायची सवय गोंदियात लागली, तर तीच सवय वर्सोव्याला कामी येईल.

असा नट फुटून होणाऱ्या गॅसच्या गळतीचा प्रश्न आता पहिल्यासारखा नुसता ग्राहकाच्या खिशाचा राहिलेला नाही. एक किलो आर-४१०ए हवेत गेला, की दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साईड सोडल्याइतका परिणाम होतो. आर-३२ त्या मानानं तिसऱ्या हिश्श्यावर आहे, पण तो पेट घेऊ शकतो. प्रोपेन म्हणजे आर-२९० तर सरळ ज्वालाग्राही आहे. हवामान तापवणारे असे गॅस कमी करण्याच्या किगाली कराराला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली, तेव्हा पुढची यंत्रं याच दिशेनं जाणार. सडलेली कॉइल आणि पेटणारा गॅस एका पेटीत असताना गंज हा सुरक्षेचाच विषय होतो.

आता दामाचं. आज कारागिराला नगामागे पैसे मिळतात. जितकी युनिटं लावाल, तितकी कमाई. जागा पाहायला, ग्राहकाला भिंत बदला म्हणून समजवायला, वायसर घालायला जो वेळ लागतो, त्याचा एक रुपयाही त्याच्या हातात पडत नाही. मग त्यानं घाई केली तर दोष कुणाचा? माझी ठाम मागणी आहे, की जागेची पाहणी हे स्वतंत्र काम धरून त्याचा दर ठरावा, आणि वार्षिक देखभालीच्या करारात गोड्या पाण्यानं धुण्याच्या वेळा आणि स्टँडची तपासणी लेखी असावी. ग्राहकालाही यात फायदाच आहे. कॉइल बदलण्याच्या खर्चापुढे धुण्याची मजुरी काहीच नाही.

शेवटी एक विनंती. तमिळनाडूत कारैकुडीला देशाची विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांनी धातूच्या पट्ट्या वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून, वजन करून, भारताचा गंजाचा नकाशा केला. तुमच्या हातातूनही दरवर्षी सडलेल्या कॉइली जातात आणि भंगारात पडतात. त्यांच्याबरोबर त्यांची माहितीही भंगारात जाते. इथून पुढे प्रत्येकानं एक वही करावी. कॉइल काढली की गाव, समुद्रापासून किंवा गोठ्या-नाल्यापासूनचं अंतर, भिंतीची दिशा, डोक्यावर छज्जा होता की नाही, किती वर्षं चालली आणि पहिल्यांदा कुठं गेली, एवढं मराठीत लिहावं. मुंबई-कोकणात असलेल्या आपल्या मुलांनाही फोन करून हेच सांगावं. पुढच्या संमेलनाला येताना त्या वह्या घेऊन या. आयटीआयच्या शिक्षकांनी त्या एकत्र करून विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका तयार करावी, तिच्या छपाईचा खर्च उचलायला मी तयार आहे.