पायी भीमाशंकर

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि तोंड चालते ते घरातल्या घरात. पण यंदाच्या सहलीचा विषय आज सभेपुढे आहे. "पायी सहल पुरे झाली, आता बस करून जाऊ," असे काही भगिनींचे म्हणणे आहे. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आपल्यापैकी चौदाजणी खांडसहून भीमाशंकरला पायी चढून गेलो, त्यांत मी होते. म्हणून पायी जाण्याची बाजू मी मांडावी असे ठरले.

आधी वाट सांगते. भीमाशंकरला पुण्याच्या अंगाने मंचर, घोडेगाववरून थेट डांबरी सडक आहे. पण कोकणच्या अंगाने जायचे तर कर्जतला उतरून, कशेळेवरून खांडस गाठावे लागते. तिथून पुढे पायच. खांडसहून दोन घाट चढतात. एक शिडी घाट. तो जवळचा, पण उभा, कातळाचा, मध्ये लोखंडी शिड्या लावलेल्या. दुसरा गणेश घाट. तो पदरगडाला वळसा घालून जातो, लांबचा आहे, पण बायकामाणसांनी, म्हाताऱ्यांनी धीराने चढावा असा. आमच्यात बासष्ट वर्षांच्या काकू होत्या, दोघींचे गुडघे दुखरे होते. आम्ही गावातला वाटाड्या घेतला आणि गणेश घाट धरला.

लांबचा म्हटला तरी सोपा समजू नका. आमची पहिली चढण संपेपर्यंत बोलणे बंद झाले होते. तेव्हा वाटाड्याने एक युक्ती सांगितली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. सर्वांत हळू चालणारीला सर्वांच्या पुढे ठेवावे. मागच्या आपोआप तिच्या पावलाने चालतात, कोणाला धाप लागत नाही आणि कोणी मागे राहत नाही. एरवी उलट होते. पुढच्या थांबून विसावा घेतात, मागची धापा टाकत येऊन पोचते, की पुढच्या लगेच उठतात! जिला विश्रांतीची गरज तिलाच ती मिळत नाही. आम्ही काकूंना पुढे घातले. सकाळी साडेसहाला निघालो ते दुपारी एकला माथ्यावर पोचलो. चौदाच्या चौदा.

अर्ध्या वाटेवर पदर नावाची सपाटी लागते. दोन्ही घाट तिथे एकत्र येतात. जवळच पदरवाडी ही आदिवासी वस्ती आहे. आम्ही चहाला टेकलो होतो, तोच खालून एक बाई डोक्यावर पिशवीभर सामान घेऊन चढून आल्या. घाम नाही, धाप नाही. काकूंनी विचारले, "बाई, एवढ्या ओझ्यानं दमत नाही का गं?" त्या हसून म्हणाल्या, "दमून कसं चालंल, आजी? मीठ-तेल संपलं की उतरायचंच. तुमी हौसंनं येता, तुमास्नी दमायला सवड हाय."

मैत्रिणींनो, हे बोलणे माझ्या मनात राहून गेले. आपली सहल ती तिची बाजाराची वाट. घरातले आजारी माणूसही याच वाटेने खाली न्यायचे. बसमधून गेलो असतो तर त्या बाईंची आणि आपली गाठ पडली नसती.

पदरापासून पुढची चढण खरी उभी, पण दाट रानातून जाते, म्हणून ऊन लागत नाही. मागे वळून पाहिले की सकाळी आपण ज्याच्याकडे मान वर करून पाहिले तो पदरगड आता खाली दिसतो, आणि त्याच्याही खाली कोकणातली भातखाचरे, कापणी झालेली, सोनेरी चौकटी मांडल्यासारखी. चढ चढलेल्या पायांना तो देखावा आपला वाटतो. मोटारीतून उतरून पाहणाऱ्याला तो नुसता सुंदर वाटेल.

आता रानातल्या रहिवाशांविषयी. भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचा हा मुलूख मुख्यतः शेकरूसाठी प्रसिद्ध आहे. शेकरू म्हणजे मोठी खार. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. शेपटीसकट लांबी सुमारे तीन फूट, पाठ तांबूस, पोट फिकट, शेपूट झुबकेदार. आम्हाला दोन दिसले. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवले, आम्ही जागच्या जागी उभ्या राहिलो. डोक्यावरच्या फांदीवर एक बसले होते, पुढच्या पंजांत फळ धरून, अगदी आपण भाकरीचा तुकडा धरावा तसे. मग त्याने उडी घेतली ती वीस फुटांवरच्या झाडावर! चौदा बायका आणि एक शब्द नाही. आपल्या मंडळाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले असेल.

त्याचे घरटे ऐकण्यासारखे आहे. काटक्या-पानांचे ते घरटे मुद्दाम बारीक फांद्यांच्या टोकाला बांधतात, म्हणजे जड शिकारी जनावर तिथवर येऊ शकत नाही. एकच घरटे बांधून स्वस्थ बसत नाहीत. चार-पाच बांधून ठेवतात. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर हीच त्याची वाट. म्हणून झाडाला झाड लागून असावे लागते. मधली चार झाडे तोडली की त्याची सडकच तुटते. इथल्या देवराया जुन्या लोकांनी देवाच्या नावाने राखल्या, कुऱ्हाड लावली नाही, त्याचा या जिवांना केवढा आधार झाला असेल!

याखेरीज भेकराचे ओरडणे ऐकले, ते थेट कुत्र्याच्या भुंकण्यासारखे असते. आभाळात सर्पगरुड शिट्टी घालत घिरट्या घेत होता. रानडुकरांनी वाटेकडेची माती उकरलेली होती. बिबट्याही या रानात आहे. तो दिसला नाही, आणि दिसावा अशी कोणाची इच्छाही नव्हती. वाटाड्या सांगत होता की पावसाळ्यात इथे कुजलेल्या लाकडावर बुरशी वाढते ती रात्री अंधारात उजळते, सारे रान चांदणे सांडल्यासारखे दिसते. मात्र पावसाळ्यात हे घाट निसरडे आणि ओढे भरलेले असतात, तेव्हा आपण जायचे नाही.

माथ्यावर पोचून दर्शन घेतले. भीमाशंकर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, आणि भीमा नदी इथलीच. पुढे पंढरपुरात आपण जिला चंद्रभागा म्हणतो ती हीच. या कड्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला. चढून आलेल्या पायांना ही गोष्ट पुस्तकाशिवाय समजते.

उतरताना मात्र आम्ही यष्टी धरली. चढण दम काढते, पण गुडघे दुखवते ती उतरण. तेव्हा बसचा आग्रह धरणाऱ्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे: परतताना जरूर बस!

पायी जायचे ठरले तर चार गोष्टी पाळाव्या. बूट घालावे, चपला नकोत. पंजाबी ड्रेस बरा. साडी नेसायची तर काचा मारून. पाणी माणशी तीन लिटर, शिदोरीला पोळी-चटणी, गूळ-शेंगदाणे, लिंबे. माकडांना खाऊ घालू नये. पुण्य तर लागत नाहीच, उलट त्यांना पिशव्या ओढण्याची सवय लागते. आणि नेलेला प्रत्येक कागद, प्रत्येक बाटली परत आणावी.

भगिनींनो, आपण डोंगरावर जातो ते बहुधा कोणासाठी तरी. नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलाच्या नोकरीसाठी, नवस फेडायला. ते चांगलेच आहे. पण त्या काकू माथ्यावर पोचल्यावर देवापुढे हात जोडून काय म्हणाल्या ते मी शेजारी उभी राहून ऐकले. त्या म्हणाल्या, "देवा, आज काही मागायला नाही आले. चढता येतं की नाही, ते बघायला आले होते."

घरी परतल्यावर त्यांच्या मुलाने "आई, आता तुझ्याच्याने होणार नाही" हे वाक्य पुन्हा उच्चारले नाही, असे त्या मोठ्या समाधानाने सांगतात. एका दिवसाच्या चालण्यातून एवढे मिळत असेल, तर वर्षातला तो एक दिवस मंडळाने आपल्या हातचा घालवू नये. यंदाची सहल पायीच व्हावी असा ठराव मी मांडते आणि त्याला आपण अनुमोदन द्यावे अशी विनंती करून माझे बोलणे पुरे करते.